अवघड जागेचे दुखणे

‘अवघड जागी दुखणे आणि जावई वैद्य’ ही म्हण सासूची समजली जाते. आमच्या मते ती सासऱ्याला अधिक शोभते. सासू निदान लेकीला स्वयंपाकघरात बाजूला घेऊन काही तरी बोलेल. सासरा ते दुखणे धोतरात बांधून सरणावर जाईल, पण तोंडातून शब्द काढणार नाही. मग वैद्य जावई असो की परका.

म्हण आठवायला निमित्त आहे. १९ नोव्हेंबरचा आंतरराष्ट्रीय पुरुष दिन दरवर्षी दोन-चार शुभेच्छापत्रांवर निभावून जातो आणि त्याच्या मागोमाग २१ नोव्हेंबर ते ४ डिसेंबर असा सरकारचा ‘पुरुष नसबंदी पंधरवडा’ येतो. पहिला आठवडा प्रचाराचा, दुसरा शस्त्रक्रियांचा. फलक लागतात, पत्रके वाटली जातात, आशाताई घरोघरी जातात. पनवेल सोडून गाढी नदी ओलांडली की लागणाऱ्या करंजाडेतही त्या जातात. दार बाई उघडते. पत्रक बाई घेते. ज्याच्यासाठी ते छापले तो गडी त्या वेळी हार्बर लोकलमध्ये कुर्ल्याच्या पुढे तरी असतो, नाही तर तळोज्याच्या एखाद्या शेडमध्ये, नाही तर जेएनपीएच्या रांगेत कंटेनर घेऊन उभा. रात्री नऊला तो परततो तेव्हा पत्रक फ्रिजवर, त्यावर वीजबिल.

करंजाडे ही पुरुषाच्या शरीराविषयी बोलायला चांगली जागा आहे, कारण ही वस्ती नवी आहे. सिडकोने आखलेली सेक्टरे, विमानतळासाठी उठलेल्या गावांतून येऊन वसलेली घरे, सातारा-बीड-जळगावची बिऱ्हाडे, उत्तर प्रदेश-बिहारातून आलेले कारागीर. गावाकडे निदान एखादा चुलता, एखादा जाणता न्हावी, एखादा ओळखीचा कंपाउंडर असे. आडून-पाडून काही विचारता येई. इथे शेजारच्या ब्लॉकमधल्या माणसाचे आडनावही ठाऊक नसते. मग विचारायला उरतो मेडिकलवाला, तोही मागे चार गिऱ्हाइके उभी असताना. किंवा लोकलच्या डब्यात चिकटवलेला तो ओळखीचा कागद: गुप्तरोग, कमजोरी, एकदा भेटा, खात्रीशीर इलाज. अशा जाहिरातींना बंदी घालणारा ‘ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज’ कायदा १९५४ चा आहे. कायद्याचे वय सत्तरीपुढे गेले, कागद अजून तरुण आहे.

हा कागद टिकला तो त्याच्या शब्दांवर. आमची तक्रार आधी शब्दांविषयीच आहे. मराठीत या अवयवांना आणि त्यांच्या कामाला जी नावे रूढ झाली, त्यांतली निम्मी घाबरवणारी आणि उरलेली फसवणारी आहेत. ‘वीर्य’ म्हणजे मुळात पराक्रम. तोच शब्द आपण एका स्रावाला दिला आणि मग तो सांडला की पराक्रम सांडला अशी धास्ती पिढ्यान् पिढ्या घेतली. पौगंडावस्थेत झोपेत जे आपोआप होते, ज्यात आजार नावालाही नाही, त्याला ‘स्वप्नदोष’ म्हटले. म्हणजे झोपलेल्या पोरालाही दोषी ठरवून मोकळे. शुक्रपेशींना ‘शुक्रजंतू’ म्हटले, जणू फिनेल टाकून धुवायच्या. मूत्राशयाच्या खाली अक्रोडाएवढी एक ग्रंथी असते. मराठी विश्वकोशाने तिला ‘अष्ठीला’ असे सोज्वळ नाव दिले, पण लोकांत रुजले ते ‘पौरुष ग्रंथी’. आता सत्तरीच्या गृहस्थाला ‘तुमची पौरुष ग्रंथी काढावी लागेल’ असे सांगून पाहा, तो शस्त्रक्रियेच्या टेबलावर चढतो का! आणि मूल नसलेल्या बाईसाठी ‘वांझ’, ‘वांझोटी’ असे शब्द आपण हाताशी धारदार करून ठेवलेत. ज्या पुरुषामुळे मूल होत नाही त्याच्यासाठी भाषेत शब्दच नाही. ‘नपुंसक’ म्हणावे तर ते वेगळ्याच गोष्टीचे नाव. ताठरता उत्तम आणि शुक्रपेशी शून्य, असे असू शकते. उलटही असू शकते. भाषेने दोन्हींना एकाच खुंटीला बांधले.

म्हणून नावे बाजूला ठेवून आधी रचना पाहू. करंजाडेकरांना टाकी, पंप, वाहिनी, व्हॉल्व्ह, टँकर हे सगळे शब्द पाठ आहेत, त्यामुळे सांगणे सोपे जाईल.

दोन वृषण शरीराबाहेर पिशवीत लटकतात, कारण शुक्रपेशी तयार व्हायला शरीरापेक्षा दोन-तीन अंश कमी तापमान लागते. थंडीत पिशवी आक्रसते, उन्हाळ्यात सैल पडते. शरीराचा हा स्वतःचा कूलर. डावा वृषण बहुतेकांत उजव्यापेक्षा जरा खाली असतो, आणि निव्वळ एवढ्यावरून रात्र-रात्र जागणारी मुले असतात. आत बारीक नळ्यांची वेटोळी असतात, तिथे दर सेकंदाला हजारावर शुक्रपेशी तयार होत राहतात. एक पेशी पूर्ण घडायला सुमारे सत्तर दिवस लागतात. मग ती मागच्या बाजूच्या अधिवृषणात जाते. ही एकच नळी, उलगडली तर सहा मीटर भरेल, पण बोटाच्या दोन पेरांत गुंडाळून ठेवलेली. पेशी तिथे पोहायला शिकते. तिथून बीजवाहिनी वर चढते, जांघेतून पोटात शिरते, मूत्राशयाला वळसा घालते. वाटेत तिला शुक्राशयाचा आणि अष्ठीलेचा रस मिळतो. बाहेर येणाऱ्या द्रवातला पंचाण्णव टक्क्यांहून जास्त भाग या दोन ग्रंथींचा. वृषणाकडून येणारा वाटा चार-पाच टक्के. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आणि ज्याला आपण पुरुषपण म्हणतो, दाढी, आवाज, स्नायू, इच्छा, त्याचे संप्रेरक या नळ्यांतून जातच नाही. नळ्यांच्या मधल्या जागेत वेगळ्या पेशी असतात. फ्रान्झ लायडिग या जर्मन शास्त्रज्ञाने १८५० मध्ये त्यांचे वर्णन केले, म्हणून त्या लायडिग पेशी. त्या टेस्टोस्टेरॉन बनवतात आणि थेट रक्तात सोडतात. एका इमारतीत दोन कारखाने. दोघांचे दरवाजे वेगळे, रस्ते वेगळे. ‘चाळीस थेंब रक्ताचा एक थेंब’ हा हिशेब ज्याने केला त्याला या इमारतीचा नकाशा ठाऊक नव्हता. न वापरलेल्या शुक्रपेशी शरीर स्वतःच मोडून शोषून घेते. साठवलेला कुठला खजिना नाही आणि म्हणून लूटही नाही. तरी ‘धातू जाते’ म्हणून अंगातले त्राण गेलेले तरुण दवाखान्यात येतात. त्यांचा थकवा खरा असतो, त्याचे कारण मात्र भीती असते. डॉ. नरेंद्र विग यांनी १९६० मध्ये या दुखण्याला ‘धात सिंड्रोम’ असे नाव दिले. आपल्या उपखंडाने जगाच्या मानसोपचाराला दिलेली ही देणगी!

आता एका रात्रीविषयी. या लेखातले दुसरे काही वाचले नाही तरी चालेल, एवढे वाचा.

रात्री दोनला तेरा-चौदा वर्षांचा मुलगा उठून बसतो. कळ आली आहे. आई विचारते, कुठे दुखतेय? तो म्हणतो, पोटात. हे पुरते खोटे नसते. वृषण गर्भात मूत्रपिंडाच्या शेजारी घडतो आणि जन्माआधी खाली उतरतो. येताना रक्तवाहिन्या आणि संवेदनेचे धागे पाठीकडूनच घेऊन येतो. म्हणून खालचे दुखणे पोटात जाणवते, उलटीही होते. पण मुलाला खालीही दुखतेय, सूजही वाटतेय, आणि ते आईला सांगायचे कसे हे त्याला कुणी शिकवलेले नाही. आई ओवा देते, पोटाला हिंग लावते. बाप कूस बदलून म्हणतो, सकाळी बघू.

जो दोरा वृषणाला रक्त पुरवतो त्याला पीळ बसला आहे. काही मुलांत वृषण पिशवीला मागून नीट चिकटलेला नसतो, घंटेच्या लोलकासारखा मोकळा लटकतो. झोपेत, खेळात, कसलेही निमित्त नसताना तो फिरतो. पीळ बसल्यापासून सहा तासांच्या आत शस्त्रक्रिया झाली तर दहातले नऊ वृषण वाचतात. चोवीस तासांनंतर क्वचितच. शस्त्रक्रिया मोठी नाही: पीळ उलगडायचा, दोन टाके घालून वृषण जागेवर बसवायचा, आणि दुसऱ्या बाजूलाही तेच करायचे, कारण मोकळेपणा बहुधा दोन्हीकडे असतो. करंजाडेतून पनवेलचे उपजिल्हा रुग्णालय किंवा कामोठ्याचे एमजीएम गाठायला रात्रीच्या मोकळ्या रस्त्याला अर्धा तासही लागत नाही. अंतर आहे ते मुलाच्या तोंडापासून बापाच्या कानापर्यंतचे. बारा ते अठरा वयाचा मुलगा अचानक पोटात कळ म्हणाला तर ‘खाली दुखतेय का’ हा प्रश्न विचारायचा असतो, आणि एक बाजू वर ओढल्यासारखी, सुजलेली, हात लावू न देणारी असेल तर सकाळची वाट पाहायची नसते. डॉक्टरला पहिल्याच वाक्यात ‘पीळ तर नाही ना’ असे विचारायला आईबापांनी बिचकू नये.

याच्या उलट टोकाला अगदी तान्हे बाळ. पूर्ण दिवसांनी जन्मलेल्या शंभरांतल्या साधारण तीन मुलग्यांत एक वृषण खाली उतरलेला नसतो. आधी जन्मलेल्यांत हे प्रमाण कितीतरी जास्त. बरेचसे पहिल्या काही महिन्यांत आपोआप उतरतात. सहा महिन्यांनंतर मात्र थांबण्यात अर्थ नाही. वर्ष-दीड वर्षाच्या आत तो शस्त्रक्रियेने खाली आणून बसवतात, नाही तर आतल्या उष्णतेने शुक्रपेशींचे कोठार बिघडते आणि पुढे कर्करोगाचा धोका वाढतो. हे सगळ्यांत आधी कुणाला कळते? बाळाला तेल लावून न्हाऊ घालणाऱ्या बाईला. तिच्या हाताला रोज कळत असते. ‘मोठा झाला की येईल खाली’ असे म्हणून ती गप्प बसते, कारण मुलग्याच्या बाबतीत उणे बोलायची सोय नाही. मालिशवाल्या बाईचा हात हे आपल्याकडचे सगळ्यांत स्वस्त तपासणीयंत्र आहे. त्याला फक्त दवाखान्याचा पत्ता द्यायला हवा.

मधल्या वयाची दुखणी अनेक, पण त्यांची हजेरी लावण्यापेक्षा काहींपाशी थांबू. हायड्रोसील म्हणजे पिशवीत पाणी साचणे. जुने लोक याला अंडवृद्धी म्हणत. विदर्भात, चंद्रपूर-गडचिरोलीकडे, त्यामागे बहुधा हत्तीरोगाचा जंत असतो. हत्तीरोग म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर बाईचा सुजलेला पाय येतो. पुरुषाचा हत्तीरोग धोतराआड राहतो म्हणून तो दिसत नाही, एवढेच. छोट्या शस्त्रक्रियेने जाणारे हे दुखणे लोक वीस-वीस वर्षे वागवतात. आणि वृषणात न दुखणारी, कडक गाठ लागली, विशेषतः पंधरा ते पस्तिशीच्या वयात, तर ती दाखवायलाच हवी. हा कर्करोग विरळा, पण पसरल्यावरही बरा होण्याचे प्रमाण ज्यात सर्वाधिक अशांपैकी एक. न दुखणे हीच त्याची चाल आहे, कारण दुखल्याशिवाय दाखवायचे नाही हा आपला कुळाचार.

मूल न होण्याची गोष्ट मात्र पसरटच सांगावी लागेल. लग्नाला दोन वर्षे झाली की सुनेची फाइल उघडते. सोनोग्राफी, संप्रेरकांच्या चाचण्या, नळ्यांत औषध सोडून एक्स-रे, मग गुरुवार, मग गाणगापूर. फाइल दोन बोटे जाड होते. तिच्यात नवऱ्याच्या नावाचा एकही कागद नसतो. आणि जोडप्यांच्या या अडचणीत साधारण निम्म्या वेळा पुरुषाचा वाटा असतो, एकट्याचा किंवा दोघांचा मिळून. वीर्यतपासणी ही सगळ्यांत स्वस्त, सगळ्यांत सोपी, न टोचता होणारी चाचणी. दोन ते सात दिवसांच्या संयमानंतर नमुना द्यायचा, एवढेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेत खालची मर्यादा दर मिलिलिटरला १ कोटी ६० लाख शुक्रपेशी अशी आहे. एका अहवालाने घाबरायचे नसते. ताप येऊन गेला असेल तर आकडा घसरतो आणि सत्तर दिवसांचे चक्र फिरल्यावर सावरतो, म्हणून चाचणी पुन्हा करतात. जी चाचणी पहिली व्हायची ती शेवटी होते, बाईच्या पोटाला दुर्बीण लावून झाल्यावर, याला शास्त्रीय कारण कुठलेच नाही.

या अहवालात दोष निघाला तर त्यामागे बऱ्याचदा व्हेरिकोसील असते. वृषणातून परतणाऱ्या शिरा फुगतात. हाताला गांडुळांच्या पुंजक्यासारख्या लागतात. हे जवळजवळ नेहमी डावीकडे. डावी शीर वर जाऊन मूत्रपिंडाच्या शिरेला काटकोनात मिळते, उजवी मोठ्या शिरेला तिरकी मिळते. काटकोनातल्या नळाला पाणी तुंबणारच, हे कुठलाही प्लंबर सांगेल. शंभरांतल्या पंधरा पुरुषांत हे असते आणि बहुतेकांना काही त्रास नसतो. मूल होण्यात अडचण असणाऱ्यांत मात्र ते तीस-चाळीस टक्क्यांत सापडते, आणि निवडक रुग्णांत शस्त्रक्रियेने फरक पडतो. वयात आल्यावर झालेले गालगुंड हे दुसरे कारण. ते वृषणात उतरते. आपल्या सरकारी लसीकरणात गोवर-रुबेला आहे, गालगुंड नाही.

तिसरे कारण नवे आहे आणि ते करंजाडेसारख्या वस्त्यांच्या तळमजल्यावर, आरशांच्या भिंतीसमोर घडते. सहा महिन्यांत दंड फुगवून देणारी सुई म्हणजे टेस्टोस्टेरॉन किंवा त्याचे भाईबंद. रक्तात बाहेरून इतके संप्रेरक आले की मेंदू समजतो, माल भरपूर आहे, कारखाना बंद करा. वृषणाला वरून येणारे दोन्ही हुकूम थांबतात. शुक्रपेशी शून्यावर येतात, वृषण आकसतो. छाती छप्पन इंची आणि अहवाल निरंक! सुई सोडल्यावर बहुतेकांचे गाडे रुळावर येते, पण त्याला महिने लागतात, काहींना वर्षे, आणि काहींचे येतच नाही. पुरुषासारखे दिसण्यासाठी घेतलेली ही सुई पुरुषाला काय करते, हे सुई देणाऱ्याने सांगायला हवे होते. तो सांगत नाही. तो डबा विकतो.

ताठरतेच्या तक्रारीविषयी एकच गोष्ट, कारण बाकीचे लोकलमधल्या कागदाने आधीच भरपूर सांगितले आहे. लिंगाची धमनी एक-दोन मिलिमीटरची, हृदयाची तीन-चार मिलिमीटरची. चरबी साचून वाट अरुंद व्हायला लागली की बारीक नळी आधी बंद पडते. म्हणजे पंचेचाळिशीच्या मधुमेही, तंबाखू खाणाऱ्या माणसाला जी ‘कमजोरी’ वाटते ती अनेकदा दोन-तीन वर्षांनी येणाऱ्या हृदयविकाराची आगाऊ चिठ्ठी असते. तो ती चिठ्ठी घेऊन बाबाकडे जातो आणि भस्म घेऊन येतो. किंवा मेडिकलमधून हळूच गोळी घेतो. १९९८ पासून जगाला माहीत झालेली सिल्डेनाफिल ही चांगली गोळी आहे, पण जिभेखाली ठेवायची हृदयाची गोळी जो घेतो त्याने ती घेतली तर रक्तदाब कोसळून जीव जाऊ शकतो. हे काउंटरवर, चार माणसांच्या देखत, कोण विचारणार आणि कोण सांगणार?

साठीनंतरचे दुखणे अष्ठीलेचे. साठीच्या आसपास निम्म्या पुरुषांत ती वाढलेली असते, ऐंशीनंतर बहुतेकांत. मूत्रमार्ग तिच्या पोटातून जातो, म्हणून ती वाढली की धार बारीक होते, रात्री चार-चारदा उठावे लागते, लघवी संपली असे वाटतच नाही. या दुखण्याने किती आजोबांचा प्रवास थांबवला याची मोजदाद नाही. पंढरपूरला येत नाही म्हणतात, एसटीत बसत नाहीत, नातवाच्या लग्नात शेवटच्या रांगेत दरवाजाजवळ बसतात. घरचे म्हणतात, बाबांचा आता उत्साहच गेला. उत्साह नव्हे हो, मूत्राशय! गोळ्यांनी बहुतेकांचे भागते. नाही तर दुर्बिणीतून शस्त्रक्रिया होते. ही वाढ म्हणजे कर्करोग नव्हे. पण कर्करोगही याच ग्रंथीत, बहुधा कडेच्या भागात, काही न जाणवता सुरू होतो. म्हणून लघवीतून रक्त आले, कंबरेच्या हाडात न थांबणारे दुखणे बसले किंवा घरात बाप-भावाला तो झालेला असेल, तर डॉक्टरशी बोलून तपासणी करावी. टाटा मेमोरियलचे खारघरचे केंद्र करंजाडेपासून इतके जवळ आहे की ‘मुंबईला कोण जाणार’ ही सबबही उरलेली नाही.

आता पंधरवड्याकडे. इथे तो चार-पाच टक्क्यांचा आकडा लागतो.

‘नसबंदी’ हा शब्दच घात करतो. मराठीत नस म्हणजे शीर, नाही तर मज्जातंतू. नस दबली की हात लुळा पडतो, नस तुटली की माणूस जातो. तेव्हा नस बंद केली म्हणजे बाकी काय उरणार? प्रत्यक्षात या शस्त्रक्रियेत कुठलीही नस कापत नाहीत. दोन बीजवाहिन्या, शेवयीएवढ्या जाड, बांधतात. नस नसलेली नसबंदी. ली शुनच्यांग या चिनी शल्यविशारदाने १९७४ मध्ये बिनचिरा पद्धत आणली: जागा बधिर करायची, एक छोटे भोक, पंधरा-वीस मिनिटे, टाका नाही, त्याच दिवशी घरी. संप्रेरक रक्तातून जात असल्याने ते जसेच्या तसे. द्रवातला चार-पाच टक्के वाटा गेल्याने जो फरक पडतो तो नवऱ्याच्याही लक्षात येत नाही. फक्त तीन महिने दुसरे साधन वापरायचे, कारण पुढच्या नळीत आधीचा माल असतो, आणि मग एक तपासणी करून खात्री करायची.

बाईची शस्त्रक्रिया म्हणजे पोट उघडणे. २०१४ च्या नोव्हेंबरात छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळच्या शिबिरात काही तासांत ८३ स्त्रियांवर ती उरकली गेली आणि १३ जणी दगावल्या. तरी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९–२१ च्या फेरीत देशातल्या विवाहित जोडप्यांमध्ये स्त्रीनसबंदी ३७.९ टक्के आणि पुरुषनसबंदी ०.३ टक्के आहे. महाराष्ट्रात जवळपास निम्म्या विवाहित स्त्रियांनी शस्त्रक्रिया करून घेतली आहे. पुरुष एक टक्काही नाहीत.

हे नेहमीच असे नव्हते. साठच्या दशकाच्या अखेरीस मुंबईच्या रेल्वे स्थानकांवर नसबंदीची केंद्रे होती आणि लोकलमधून उतरून पुरुष तिथे जात. मग आणीबाणी आली. १९७६–७७ या एका वर्षात देशात सुमारे ६२ लाख पुरुषांची नसबंदी झाली. कुणाची आमिषाने, कुणाची नोकरीच्या धाकाने, कुणाची ट्रकमध्ये घालून. सक्तीच्या नसबंदीचे विधेयक महाराष्ट्राच्या विधिमंडळाने १९७६ मध्ये मंजूर केले होते, याचा आज कुणी उच्चार करत नाही. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते अंमलात आले नाही. पुरुषाच्या मनात बसलेल्या त्या भीतीचा आदर करायला हवा, ती खोटी नव्हती. पण त्या भीतीवर तोडगा म्हणून सगळा भार उचलून बाईच्या ओटीपोटावर ठेवला गेला, आणि पन्नास वर्षे तो तिथेच आहे.

या बाबतीत महाराष्ट्राने आपला एक माणूस वाया घालवला. रघुनाथ धोंडो कर्वे गणिताचे प्राध्यापक. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. त्यापायी विल्सन कॉलेजातली नोकरी सोडावी लागली. जुलै १९२७ पासून १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले, पदरचे पैसे घालून, खटले झेलत. त्यातला १९३४ चा खटला वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून होता. हस्तमैथुनाने अशक्तपणा येतो का, अशा धर्तीचे प्रश्न. आजही मेडिकलच्या काउंटरवर ओठांपर्यंत येऊन परत जाणारे. कर्व्यांच्या वतीने न्यायालयात डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. लैंगिक विषयावर लिहिले एवढ्याने ते अश्लील होत नाही, अशी त्यांची बाजू होती. कर्वे खटला हरले, दंड झाला. प्रश्न विचारणारे पुरुष होते, उत्तर देणारा पुरुष होता, वकील पुरुष होता आणि न्यायाधीशही पुरुष. तेव्हापासून आपण उत्तर देणाऱ्यालाच दंड करत आलो आहोत.

यंदाच्या पंधरवड्यात फलक नेहमीप्रमाणे लागतील. आमची मागणी फलकाची नाही. सरकारी दवाखान्याची बाह्यरुग्ण खिडकी सकाळी उघडते, तेव्हा करंजाडेचा पुरुष वाशीच्या खाडीवर असतो. आशाताईंचा सगळा जम मायलेकरांशी बसलेला असतो आणि त्यांच्याकडून पुरुषाशी हे बोलण्याची अपेक्षा करणे दोघांवरही अन्याय आहे. आरोग्य सेवक हे पुरुषांचे पद सरकारी यादीत आहेच. या दोन आठवड्यांपुरते तरी तो सेवक संध्याकाळी आठ ते दहा आणि रविवारी सकाळी बसवावा. दवाखान्यात जागा नसेल तर एखाद्या सोसायटीच्या कार्यालयात, शाळेच्या वर्गात. शस्त्रक्रियेचे लक्ष्य त्याच्या गळ्यात बांधू नये. कुणी रात्री चारदा उठावे लागते म्हणून येईल, कुणी मुलाची शंका घेऊन, कुणी दंडाच्या सुईविषयी विचारायला. कुणी नुसताच येऊन रक्तदाब मोजून घेईल आणि उठता उठता दारापाशी थांबेल. त्या खोलीला खिडकीतून डोकावणारी रांग नसावी, भिंतीवर फोटोसाठी बॅनर नसावा. आणि दाराची कडी आतून लागणारी असावी.